शिक्षा कोण ठरवतो?



शिक्षा कोण ठरवतो असे विचारले, तर कुणीही सांगेल, ‘न्यायाधीश.’ परंतु न्यायालये अपुरी पडू लागली, की ही सत्ता हळूहळू सरकारी वकिलाच्या हाती जाते, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

अमेरिकेतील केंटकी राज्यात पॉल हेज नावाच्या इसमावर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकचा आरोप होता. त्याला शिक्षा २ ते १० वर्षांची. सरकारी वकिलाने बजावले की, गुन्हा कबूल करून न्यायालयाचा त्रास वाचवलास तर ५ वर्षांची शिफारस करीन, नाहीतर सराईत गुन्हेगाराचे कलम लावीन. हेजने नकार दिला आणि त्याला जन्मठेप झाली! १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा व्यवहार वैध ठरविला.

यात एका वकिलाचा दुष्टपणा शोधून भागणार नाही. सरन्यायाधीश बर्गर यांनी १९७० सालीच हिशेब मांडला होता. शंभरांतील ९० आरोपी गुन्हा कबूल करतात. ते प्रमाण ८० वर आले, तरी न्यायाधीश, कारकून, दालने, सारे दुप्पट लागेल. कारण १० ऐवजी २० खटले चालवावे लागतील. म्हणजे यंत्र चालते ते कबुलीवर, कबुली मिळते ती धाकाने, आणि धाक असतो लांबलचक शिक्षेचा. मग नुसती शिक्षा सौम्य करून काय होणार? अधिक आरोपी खटला मागतील. न्यायालये तेवढीच राहिली, तर जादा कलमे लावून तोच धाक मागल्या दाराने परत येईल.

आपल्याकडेही जुलै २००६ पासून काही गुन्ह्यांत कबुलीच्या तडजोडीची सोय आहे. २०२२ अखेर आपल्या तुरुंगांतील चारांपैकी तीन कैदी कच्चे होते. निकालाची वाट पाहत कोठडीत कुजण्यापेक्षा न केलेला गुन्हा कबूल करून घरी जावे, असे एखाद्या गरिबास वाटले तर नवल काय? दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत, असे विधी आयोगाने १९८७ साली सांगितले. ती संख्या आपण अद्याप गाठलेली नाही.

म्हणून शिक्षासुधारणेचे विधेयक आले, की नागरिकांनी प्रथम विचारावे: खटला मागणाऱ्याला तो वेळेत मिळेल, इतकी न्यायालये देणार काय? या प्रश्नाचे उत्तर अंदाजपत्रकात नसेल, तर ती सुधारणा कागदावरच राहील.