बोरघाटाचे ऋण
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



मी कावेरीकाठच्या तिरुवैयारूहून आलो आहे. त्यागराजांच्या समाधीने पावन झालेल्या या गावाला आजही रेल्वे स्थानक नाही. गाडीसाठी तंजावर गाठावे लागते. तंजावरचे मराठी राज्य 1855 साली खालसा झाले आणि 1861 साली नागपट्टणमहून तेथे आगगाडी आली. काल पुण्याहून आपल्याकडे येताना गाडी बोरघाटात शिरली, तेव्हा जाणवले, की भातशेतीतला तो सपाट मार्ग आणि हा अवघड घाट एकाच प्रकारच्या कराराने बांधले गेले.

दोन्हीकडच्या कंपन्या विलायतेतील. त्यांच्या भांडवलावर सरकारने 5 टक्के व्याजाची हमी दिली होती. मिळकत कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. लाभ निश्चित असल्याने काटकसरीची निकड कोणाला वाटावी? त्या महसुलाचा मोठा वाटा शेतसाऱ्याचा होता. म्हणजे ज्याच्या गावी गाडी पोहोचली नाही, त्या शेतकऱ्यानेही बोरघाटाचा भार वाहिला.

घाटातील काम 1856 साली सुरू झाले. सुमारे 25 किलोमीटरच्या चढणीत 25 बोगदे खोदायचे होते. काम कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे जाई. प्रत्येकाचा हिस्सा वजा होऊन उरेल ते मजुराचे! थकलेल्या मजुरीवरून जानेवारी 1859 मध्ये दंगा उसळला. पुढे कंत्राट बदलले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच अल्पावधीत वारले. पत्नी ॲलिस यांनी काम तडीस नेले. 1861 च्या आरंभी 42,000 माणसे घाटात राबत होती. पटकीने त्यांच्यातील कित्येकांचा बळी घेतला. 1863 साली मार्ग खुला झाला आणि 1867 साली त्यावरील एक दगडी पूल कोसळला.

रेल्वेचे उपकार मी नाकारत नाही. तिच्यावाचून मी आज येथे पोहोचलो नसतो. परंतु ट्रेडवेल दांपत्याचे नाव इतिहासात राहिले, त्या हजारो मजुरांचे राहिले नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या इतिहासात देणगीदारांची नावे येतीलच. पाया खणणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसांची नावेही वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. गोष्ट 60 वर्षांचीच आहे. ती सांगणारी माणसे अजून गावात भेटतील.