पाळी जाऊन चार वर्षं झाली, मग आई पॅड कशाला मागवत होती?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. बीटेक कॉम्प्युटर, हिंजवडीत बॅकएंडचं काम. आणि आजचा विषय आहे लघवी. हसून घ्या. झालं? चला पुढे.

तर झालं असं की गेल्या वर्षी आई साताऱ्याहून माझ्याकडे राहायला आली होती. एक दिवस मी ऑफिसात असताना तिचा मेसेज आला, "त्या दहा मिनिटांत आणून देतात त्या ॲपवरून सॅनिटरी पॅड मागव, मोठे." मी मीटिंगमध्येच ऑर्डर टाकली. तीन दिवसांनी पुन्हा तोच मेसेज. तेव्हा माझी ट्यूब पेटली. संध्याकाळी विचारलं, "आई, तुझी पाळी जाऊन चार वर्षं झाली ना?"

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अगं, खोकला आला की जरा होतं. वय झालं आता."

वय ५४. आणि 'जरा' म्हणजे किती, हे हळूहळू बाहेर आलं. मावशीच्या मुलाच्या लग्नाला कोल्हापूरला जाताना तिने सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं, म्हणजे वाटेत थांबायला नको. एसटीने प्रवास बंद केला होता. हसायला आलं की ती पटकन खाली बसायची, आणि आम्ही भावंडं म्हणायचो, आईचं हसणं किती क्यूट आहे! सहा वर्षं हे चाललं होतं. सहा वर्षं, आणि घरात दोन इंजिनिअर.

(हे सगळं तिला विचारूनच सांगतेय. "नाव सांगू नकोस, बाकी खुशाल सांग," म्हणाली.)

आधी आम्ही एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. पाच मिनिटांत उत्तर मिळालं, "या वयात होतंच. फार त्रास असेल तर पिशवी काढून टाकू." मी घरी येऊन वाचत बसले, तेव्हा कळलं की खोकताना लघवी गळण्यावर गर्भाशय काढणं हा उपचारच नाही. आणि त्या रात्री मला एक शब्द पहिल्यांदा भेटला : युरोगायनॅकॉलॉजिस्ट. मूत्रमार्गाचं आणि स्त्रीरोगाचं, दोन्हीकडचं शिकलेले डॉक्टर. लघवी गळणं, सारखी लागणं, अंग बाहेर येणं, बाळंतपणात फाटलेले स्नायू, हे त्यांचं रोजचं काम. या त्रासासाठी डॉक्टरांची एक अख्खी शाखा आहे, आणि आमच्या घरात त्यावर उपाय काय होता? कमी पाणी पिणे.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत औषध लिहून दिलं नाही. लघवीचा संसर्ग नाही ना, एवढं तपासायला सांगितलं आणि तीन दिवसांची डायरी मागितली. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवीला गेलात, मापात किती झाली, कधी गळली. मी लगेच गूगल शीट बनवून दिलं. आईने ते उघडलंही नाही. कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलं, जुना मापाचा प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवून. पण मंडळी, मला ते इतकं आवडलं! लॉग बघितल्याशिवाय बगला हात लावायचा नाही, हे आपण ज्युनिअर्सना शिकवतो ना, तेच.

आणि लॉगमध्ये सापडलंच. दिवसातून चौदा वेळा. प्रत्येक वेळी जेमतेम शंभर मिली. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावतं. आई मात्र घराबाहेर पडायच्या आधी, झोपायच्या आधी, पाहुणे यायच्या आधी 'एकदा जाऊन येते' करत होती, आणि मूत्राशयाला थोडं भरलं की ओरडायची सवय लागली होती. वर चहा पाच कप.

डॉक्टर म्हणाल्या, "काकू, तुम्हाला दोन्ही प्रकार आहेत. स्ट्रेस आणि अर्ज." आई म्हणाली, "मला कसला स्ट्रेस? मी रिटायर होणारे आता." इथला स्ट्रेस मनाचा नाही. खोकलं, शिंकलं, उडी मारली, घागर उचलली की पोटातला दाब वाढतो आणि गळते, तो स्ट्रेस. आणि एकदम अशी लागते की कुलूप उघडेपर्यंत दम निघत नाही, तो अर्ज. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून मैत्रिणीची गोळी आपण घ्यायची नसते.

आता मुद्द्याचं. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते. जुना खोकला, बद्धकोष्ठतेत कुंथणं, वाढलेलं वजन, पाळी गेल्यानंतरचे बदल, सगळ्याचा भार तिच्यावर. या स्नायूंचा व्यायाम म्हणजे कीगल. अर्नॉल्ड कीगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये त्यावर लिहिलं. तुम्ही रील्सवर बघितलाच असेल. पण रील्समध्ये एक गोष्ट गळते (सॉरी!). कीगलांनी नुसता व्यायाम सांगितला नव्हता, स्नायू खरंच आवळतोय का हे मोजायचं यंत्रही बनवलं होतं. कारण बऱ्याच बायकांना आपण काय आवळतोय हेच कळत नाही.

आई त्यातलीच निघाली. यूट्यूब बघून ती दोन वर्षं गुपचूप करत होती! फिजिओथेरपिस्टने हातमोजा घालून, विचारून, आतून तपासलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही वर ओढत नाही आहात, श्वास रोखून खाली ढकलताय." दोन वर्षं उलटा व्यायाम. बरोबर जमायला तीन भेटी लागल्या. पादताना हवा अडवतो तसं मागून पुढे आवळायचं, वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, आणि मग पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. लघवी करताना मध्येच थांबवून रोज सराव करायचा नाही, हे तिने दोनदा बजावलं.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात : एका वेळी किमान ८, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने, आणि तेही जाणकाराच्या देखरेखीखाली. ऑपरेशनचा विचार त्यानंतर. मी आईच्या फोनवर रिमाइंडर लावले, तिने ते बंद केले. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत ती करते. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, ही एक युक्ती तर तिला पहिल्या महिन्यातच उपयोगी पडली. अर्जसाठी वेगळं : लागली की धावायचं नाही, उभं राहायचं, आवळायचं, लाट ओसरली की चालत जायचं. चहा दोन कपांवर.

जिमवाल्या मैत्रिणींनो, दोरीच्या उड्या मारताना थेंब पडत असतील तर हे तुमचंही आहे, बाळंतपण झालेलं नसलं तरी. पण एक थांबा. काहींचे हे स्नायू ढिले नसतात, उलट कायम आवळलेले असतात. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. अशांनी कीगल केलं तर त्रास वाढू शकतो, त्यांना आधी सोडायला शिकावं लागतं. म्हणून तपासणी. आणि लघवीत रक्त, ताप, लघवी अजिबात न होणं, किंवा मांड्यांच्या मधे अचानक बधिरपणा, यात व्यायाम करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

ही तपासणी कुठे होते, तर मोठ्या शहरांत फोन करताना सरळ 'युरोगायनॅक' विचारा. रिसेप्शनवर दोनदा सांगावं लागतं, मला लागलं. छोट्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा की लघवी गळण्याचे पेशंट बघता का, आणि जवळच्या फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत पेल्विक फ्लोअर बघणारं कोणी आहे का. कोणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितली तर दुसरं मत घ्या.

आई पूर्ण बरी झाली का? नाही. सर्दी झाली की अजून थोडं होतं, पर्समध्ये एक पॅड असतोच. डायरीत चौदाचे आठ झालेत. गेल्या महिन्यात ती साताऱ्याहून एसटीने एकटी आली आणि स्वारगेटला उतरून मला फोन केला, "ये सावकाश, मी उसाचा रस पितेय." मोठा ग्लास होता, फोटो पाठवलाय.

प्रश्न असतील तर नेहमीच्या नंबरवर व्हॉइस नोट टाका, नाव नाही सांगितलं तरी चालेल. आईनेच सुचवलंय की पुढचा भाग 'अंग बाहेर येणं' यावर कर, कारण तिच्या शाळेतल्या दोन बाईंनी तिला हळूच विचारलंय.