रोपटी पुरे झाली, हरकती घ्या

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, ग्रंथदिंडीत सकाळपासून ऊन सोसलेले रसिक, आणि मागच्या रांगांत बसवलेल्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

'बसवलेल्या' असं मुद्दाम म्हणतोय. संमेलनाचा विषय 'युवक आणि निसर्गरक्षण'. युवक मात्र पार मागं, पाण्याच्या जारपाशी, आणि पुढच्या सोफ्यांवर आम्ही साठी ओलांडलेले. उद्घाटनापासून परिसंवादापर्यंत प्रत्येकानं तुम्हाला एकच काम सांगितलं: झाडं लावा. मला हे मान्य नाही. अध्यक्षपद मिळालं म्हणून मी गुळमुळीत बोलणार नाही.

झाड लावण्यात वाईट काही नाही. पण तेच काम तुमच्या गळ्यात का घातलं जातं, ते ओळखा. रोप लावणारा पोरगा कुणालाच नडत नाही. खड्डा खणतो, फोटो काढतो, घरी जातो. ज्याला डोंगर फोडायचाय तो फोडत राहतो, ज्याला नदीत रसायन सोडायचंय तो सोडत राहतो. पर्यावरण दिनाच्या फ्लेक्सवर सौजन्य म्हणून नाव झळकतं, तेही पुष्कळदा त्याचंच.

आपल्या राज्यानं २०१९च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. त्याआधी २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी अशी चढती भाजणी होतीच. आकड्यांचं कौतुक भरपूर झालं. झाड कुठं लावायचं आणि कुठं लावायचं नाही, हे विचारणारे थोडे. सोलापूर, नगर, पुण्याकडची गवताळ माळरानं आपण 'पडीक' म्हणून मोडीत काढतो. तो माळ लांडग्याचा आहे, काळविटाचा आहे, खोकडाचा आहे. एके काळी माळढोकाचा होता. त्याच्यासाठी नान्नजला अभयारण्य केलं आणि आज तिथं माळढोक दिसणं दुरापास्त झालंय. अशा गवतावर गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या करायच्या आणि वर टाळ्या घ्यायच्या, हे अतिक्रमण आहे.

कोकणातल्या सड्यांची तीच गत. उन्हाळ्यात काळा कातळ दिसतो म्हणून तो ओसाड ठरतो आणि खाणीला, कारखान्याला मोकळा होतो. श्रावणात तिथं गुडघे टेकून बघा. बोटभर मातीत सीतेची आसवं निळीजांभळी फुललेली असतात. शेजारी दवबिंदूचं रोप, नाण्याएवढं, लालसर. त्याच्या केसांवरच्या चिकट थेंबाला एखादं चिलट अडकलेलं असतं, आणि पान त्याच्यावर सावकाश वळत असतं. ज्या जमिनीत खत नाही तिथं किडे खाऊन जगायची विद्या त्या रोपानं कमावली आहे. कासच्या पठाराचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला, तो अशाच कातळावरच्या संपदेमुळं. आणि आपण काय करतो? फुलांत लोळून रील काढतो. हे मागच्या रांगांनाही सांगतोय. शिव्यांची सगळी लाखोली सोफ्यांसाठी राखून ठेवलेली नाही.

मग तरुणांनी करायचं काय? तीन कामं: राखण, अभ्यास आणि हरकत.

राखण वेळासला जाऊन शिका. मंडणगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसं उकरून न्यायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे. २००२पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून हे थांबवलं. गावातली पोरं पहाटे किनारा चालतात, वाळूतला माग काढून घरटं शोधतात. शंभरेक अंडी अलगद उचलून, मूळ खड्ड्याएवढाच खोल खड्डा करून, कुंपणाच्या आत पुरतात आणि जवळपास दोन महिने राखतात. पिल्लं समुद्राकडं जाताना पाहायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, आणि चार पैसे गावात राहतात. इथं कुणी भाषण करत नाही. पहाटे उठतात.

अभ्यास मेंढ्यात शिका. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आपण फार मिरवली. त्या घोषणेमागचा अभ्यासगट मात्र विसरलो. ही माणसं एकत्र बसून कायदा वाचायची, समजेपर्यंत वाद घालायची आणि निर्णय सर्वसहमतीनं करायची. म्हणूनच वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळूनही बांबूची वाहतूक परवान्यात अडकली, तर त्यासाठी पुन्हा झगडले आणि २०११ साली तो परवानाही मिळवला. आपल्याकडचा पदवीधर सातबारा वाचताना तलाठ्याच्या तोंडाकडं बघतो. कशाला हवी ती पदवी?

आणि हरकत गोव्यात शिका. मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचा दुपदरी मार्ग, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकदम आले. २०२० साली, टाळेबंदीच्या वर्षात, विद्यार्थी, चित्रकार, वकील आणि संशोधक उभे राहिले. त्यांनी पत्रं लिहिली, चित्रं काढली, कागद खणून काढले. त्या नोव्हेंबरात चांदोरला लोक रात्रभर रुळांवर बसले. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी तोडल्या गेलेल्या आरेतल्या झाडांची गोष्टही ऐकाच. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयानं या तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं ७ तारखेला तोड थांबवली. पत्र लागू पडलं, पण तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. हरकतीला वेळेचं भान लागतं, हा त्यातला धडा.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. अठरा पूर्ण झाली, मतदारयादीत नाव लागलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. कुणाची मेहेरबानी नको. गावाच्या जैवविविधतेची नोंदवही करावी असं २००२च्या कायद्याला अभिप्रेत आहे. ती उघडून बघायला मागा. आत कुणीतरी बाहेर बसून भरलेल्या मजकुराची नक्कल निघाली, तर आजीला, धनगराला, कोळ्याला विचारून ती नव्यानं लिहा. शहरात झाड तोडायची परवानगी मागितली की नोटीस झाडावर लावावी लागते. हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून ती त्याच दिवशी वाचा. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो, आणि सुनावणी संपताना तिचा गोषवारा लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा लागतो. तिथंच उभं राहून विचारा: माझा मुद्दा त्यात आला का?

आता इथल्या लेखकांना. आपल्या संमेलनांचा इतिहास गुळगुळीत नाही. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत १९७५ साली कराडला अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या. फुलांवर लिहिणारीनं सत्तेसमोर गप्प बसायचं असतं, असं त्यांना वाटलं नाही. मारुती चितमपल्ली २००६ साली सोलापूरला अध्यक्ष झाले. वनखात्यातली उभी हयात त्यांनी रानातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावं टिपून घेण्यात घातली. आपण मात्र निसर्गकविता लिहितो आणि गावच्या टेकडीचा लिलाव झाला तरी एक अर्ज लिहीत नाही. उत्तम मराठीत लिहिलेला, तारीख, गट क्रमांक आणि पुराव्यांसह सादर केलेला हरकतीचा अर्ज हे आजचं सर्वांत निकडीचं लेखन आहे. पोरांना तो लिहायला शिकवा. एवढं जमलं नाही तर 'युवक आणि निसर्ग' असले विषय ठेवू नका.

संध्याकाळच्या सत्रात निसर्गरक्षणाचा ठराव येणार आहे. 'शासनाने योग्य ती पावले उचलावीत' असल्या मोघम वाक्यावर मी सही करणार नाही. या तालुक्यातली एक टेकडी, एक ओढा, एक माळ नावानिशी घाला, जबाबदारी घेणाऱ्या तरुणांची नावं खाली लिहा, आणि तो ठराव पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर चढवा. मग माझी सही पहिली.