गुरुबळ आणि लेकीची बारावी



"यंदा गुरुबळ आहे, पोरीचं उरकून टाका." हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्या घाईत कुणाची बारावी राहते, कुणाचं नर्सिंग. म्हणून आज आम्ही या गुरूचीच ओळख करून देतोय.

गुरू हा आपल्या सूर्यमालेतला सगळ्यात मोठा ग्रह. पृथ्वी वाटाण्याएवढी धरली, तर गुरू मोठ्या मोसंबीएवढा. त्याच्या पोटात सुमारे 1300 पृथ्वी मावतील. पण त्याच्यावर पाय टेकवायला जमीन नाही. तो मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम वायूंचा बनलेला आहे. त्याच्यावर एक तांबडा डाग दिसतो. ते पृथ्वीपेक्षाही मोठं वादळ आहे आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

सूर्याभोवती एक फेरी मारायला गुरूला जवळपास 12 वर्षं लागतात. राशीही बाराच, म्हणून एकेका राशीत तो साधारण वर्षभर दिसतो. सिंहेत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ, कन्येत गेला की कृष्णाकाठी कन्यागत. गुरुबळ बघतात तेही याच चालीवरून. गुरू अगदी जवळ आला तरी आपल्यापासून 58 कोटी किलोमीटरहून लांब असतो. कुणाची लेक काय शिकते, हे त्याला काय ठाऊक?

चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या उजेडात बारीक चांदण्या हरवतात, पण गुरू दिसतो. तो ठळक असतो आणि चांदणीसारखा लुकलुकत नाही. दुसऱ्या पाळीवरून येताना मध्यरात्री डोक्यावर असा ठिपका दिसला, तर तो शुक्र नव्हे. शुक्र तेव्हा कधीच वर नसतो. साध्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्रही दिसतात. गॅलिलिओनं ते 1610 साली पाहिले.

पुणे-नाशिक रस्त्यानं नारायणगावला गेलात, तर जवळच खोडदला 30 मोठ्या अँटेना आहेत, प्रत्येक 45 मीटर रुंद. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. गुरूकडूनही अशा लहरी येतात, हे 1955 साली कळलं. हे काम करायला आपल्या लेकी का जाऊ नयेत? पण त्यासाठी बारावी व्हायला हवी.

तेव्हा बायांनो, गटात कुणी पत्रिका काढली, तर आधी तीन गोष्टी विचारा: 18 पूर्ण झाली का? शिक्षण कुठवर आलं? आणि तिला स्वतःला काय वाटतं? गुरू पुन्हा फिरून येईलच. सुटलेली शाळा आपोआप फिरून येत नाही.