तिसरी भाषा कुणाच्या सोयीची?

(धारूर तालुक्यातील ऊसतोड कामगार बायांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

मघाशी तांड्यावरच्या एका बाईनं मला विचारलं, "ताई, माझी पोरगी घरात गोरमाटी बोलते, शाळेत मराठी शिकली. आता तिला तिसरी भाषा कोणती शिकवावी?" मी तिला उलट विचारलं, "तुमच्या घरात हे कोण ठरवतं?" ती हसली. म्हणाली, "पोराचं त्याच्या बापानं ठरवलं, इंग्रजी शाळेत घातलं. पोरीचं कुणी ठरवलंच नाही."

कोणती भाषा शिकायची, हे आपल्या भागात नेहमी वरूनच ठरत आलं. 1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. हैदराबादेत 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूतून होतं. घरात मराठी बोलणारे पुरुष नोकरीसाठी उर्दू शिकले. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, कागद मराठीत आले. राज्याची भाषा बदलली, बाईचा अंगठा मात्र तसाच राहिला.

आता अलीकडचं बघा. 16 एप्रिल 2025 रोजी सरकारनं पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. विरोध झाला, तेव्हा 17 जूनला नवा आदेश आला: हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातल्या किमान 20 मुलांनी ती मागावी. 29 जूनला दोन्ही आदेश मागे घेतले आणि समिती नेमली. सगळा वाद मराठी आणि हिंदीचा झाला. ज्या पोरीची पहिली भाषाच शाळेत नाही, तिची आठवण किती जणांना झाली? तांड्यावरच्या शाळेत एका वर्गात 20 मुलं तरी असतात का? जनगणनेत तर लमाणी बोली हिंदीखाली मोजतात. म्हणजे कागदावर ही पोर जन्मतःच हिंदी बोलणारी! प्रत्यक्षात घरी आईला 'याडी' म्हणणाऱ्या या पोरीला पहिलीत मराठी नवी, आणि 2000 सालापासून पहिलीतच आलेली इंग्रजीही नवी.

आणि तरी ही पोर भाषेत कच्ची नाही. दिवाळीच्या सुमाराला कोयता निघतो, काही टोळ्या कर्नाटकात जातात. तिथे दुकानात, पाण्यावर, खेळता खेळता पोरी कन्नड उचलतात. तुमच्यातल्याच एकीनं मला सांगितलं, की तिच्या अंगावरून पांढरं जात होतं, तेव्हा दवाखान्यात तिच्या दहा वर्षांच्या लेकीनं ते डॉक्टरला कन्नडमधून समजावलं. माय शरमेनं खाली बघत होती, लेक बोलत होती. शाळेत परतल्यावर त्या लेकीच्या नावापुढे काय लागलं? 'गैरहजर'. तिला येणारी भाषा कुणी विचारलीच नाही.

म्हणून मला जे वाटतं ते स्पष्ट सांगते. पहिलं, घरची बोली सोडवू नका. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदाच म्हणतो. पहिली-दुसरीत गुरुजींनी गोरमाटी समजून घ्यावी, हे मागणं आपला हक्क आहे.

दुसरं, मराठी वाचणं पक्कं होऊ द्या. उचलीचा हिशेब, रेशन, बँक, सगळं त्यावर अवलंबून आहे. 2019 साली आपल्या जिल्ह्यातल्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सही करण्याआधी कागद वाचता येणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

तिसरं, इंग्रजी पोरीलाही शिकवा, पोराइतकीच. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि सगळे विषय इंग्रजीतून शिकणं वेगळं. घरात ज्या भाषेचा एक शब्द नाही, तिच्यातून गणित घोकायला लावलं तर गणितही जातं आणि इंग्रजीही. हिंदीची घाई नको. ती सिनेमातून कानावर पडतेच, पाचवीपासून शाळेतही आहे. आणि ज्यांच्या लेकी दरवर्षी कर्नाटकात जातात, त्यांनी लेकीच्या कन्नडला हसू नका. ती तिची कमाई आहे.

मघाच्या बाईला माझं उत्तर एवढंच: तिसरी भाषा ठरवताना लेकीला जवळ बसवा. तिला कुठे बोलावं लागतं, कुठे गप्प बसावं लागतं, ते विचारा. जिथे ती गप्प बसते, तिथली भाषा तिला आधी द्या. आणि पुढच्या पालकसभेला बापाबरोबर तुम्हीही जा. मागे उभ्या राहू नका. पुढे बसा आणि आपल्या बोलीत बोला. समजलं नाही, तर गुरुजी विचारतील!