तळाशी नाव

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण म्हटलं की मी मागच्या बाकावर लपायचे, हे इथल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. पण संयोजकांनी "तुझ्या कपबशांबद्दल दहा मिनिटं बोल" असं सांगितलं आणि मी हो म्हणून बसले. तेव्हा सांभाळून घ्या.

माझं माहेर पेणचं, घरात गणपतीचा कारखाना. पावसाळा लागला की ओटीवर, माजघरात, जिन्याखाली सगळीकडे गणपतीच. माझ्या वह्यांवर शाडूची बोटं उमटलेली असायची. सर विचारायचे, "गृहपाठ केलास की गणपती केलास?" लग्न होऊन रोह्याला गेले, तरी माती सुटली नाही. मुलं मोठी झाल्यावर परसात विजेची छोटी भट्टी बसवली आणि भांडी करायला लागले.

काही वर्षांपूर्वी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले होते. तिथे जुन्या 'बॉम्बे स्कूल'ची मातीची भांडी पाहिली आणि पाय तिथेच थांबले. त्यामागची गोष्ट थोडक्यात सांगते. मुंबईचं जे. जे. कला विद्यालय 1857 सालचं. तिथले जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून 1885 पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते. लेण्यांतल्या चित्रांच्या हुबेहूब नकला करायचं काम चाललं होतं. पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांपैकी. पुढे त्या नकला लंडनला पाठवल्या, आणि 1885 च्या आगीत त्यांतल्या कितीतरी जळून गेल्या. पण त्याच काळात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने विद्यालयात भांड्यांचं कामही सुरू झालं होतं, आणि अजिंठ्याची कमळं, वेलबुट्ट्या, माणसं फुलदाण्यांवर आणि थाळ्यांवर उतरली होती. तिकडे इंग्लंडात विल्यम मॉरिस आणि त्यांची मंडळी म्हणत होती, यंत्राच्या मालापुढे हाताच्या कामाचा मान राखा, रोजची वस्तू सुंदर करा. त्या 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' चळवळीचं वारं इथेही पोचलं होतं.

मला वाटलं, दीडशे वर्षांपूर्वी हे मुंबईत झालं, तर आज पेण-रोह्यात का होऊ नये? आपल्याकडे हात आहेत. डोळ्यांची आखणी करणाऱ्या बायकांचा हात बघा, श्वास रोखून एका फटकाऱ्यात भुवई. आणि विसर्जन झालं की लहान कारखान्यांतल्या या हातांना काम कमी.

मग बारा वस्तूंचा संच ठरवला. कप, बशी, वाटी, बरणी, पणती असा. त्यावर अजिंठ्याच्या छतावरची कमळं, हत्ती आणि हंसांची रांग. माती कालवणं, चाकावरचं काम आणि भट्टी रोह्यात, रंगकाम पेणला. भाजलेले कप टोपलीत गवत घालून मी रोह्याहून पेणला न्यायचे आणि रंगवलेले परत आणायचे. वाटेत किती फुटले ते विचारू नका.

रंगवताना वेगळीच पंचाईत. मूर्तीवर चूक झाली तर पुसता येते, वरून रंग देता येतो. पहिल्या भाजणीनंतरचा कप मात्र रंग पिऊन टाकतो, फटकारा पडला की पडला. आणि कोबाल्टचा रंग लावताना काळपट दिसतो, झिलई देऊन बाराशे अंशांच्या आसपास भाजला की निळा होतो. आमच्या कारखान्यातल्या काकी, ज्यांनी चाळीस वर्षं गणपतीचे डोळे आखले, त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं, हंस म्हणतेस आणि कावळे रंगवून घेतेस!" आठ दिवसांनी निळे हंस हातात दिले, तेव्हा बराच वेळ कप फिरवत बसल्या.

फिरवता फिरवता त्यांनी कप पालथा केला. तळाला माझं नाव होतं. काकी हसत म्हणाल्या, "हंस माझे, नाव तुझं?"

त्या रागावल्या नव्हत्या. म्हणून तर जास्त लागलं. संग्रहालयातल्या भांड्यांसमोर मीच हळहळले होते की शिकवणाऱ्या साहेबांची नावं इतिहासात आहेत, आणि ब्रश धरणाऱ्या बहुतेक पोरांची नाहीत. आणि घरी येऊन मी तेच केलं होतं.

आठवीत आपली सहल कुड्याच्या लेण्यांना गेली होती, आठवतं? तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. पण छिन्नी चालवणाऱ्याचं नाव शोधलं तर सापडत नाही. त्या वेळी डबा खाण्याच्या घाईत ते लक्षात आलं नाही. आता येतं.

दुसऱ्या भट्टीपासून प्रत्येक वस्तूच्या तळाला दोन नावं असतात, घडवणाऱ्याचं आणि रंगवणाऱ्याचं. त्याची किंमतही मोजली. मुंबईच्या एका दुकानाने तीनशे कपांची मागणी देऊ केली होती. अट एकच, तळाला फक्त दुकानाचं नाव. मी काकींना आणि बाकीच्या चौघींना विचारलं, कारण मजुरी त्यांचीही जाणार होती. काकी म्हणाल्या, "गणपती बिननावाचा जातो, तो देव आहे. कप कशाला?" आम्ही नाही म्हणालो. तो पावसाळा ओढाताणीत गेला, खोटं कशाला सांगू? पुढे हळूहळू गिऱ्हाईक जमलं. आता काही जण नाव सांगून मागतात, "त्यांच्याच हातचे हंस द्या."

हे सगळं मी नव्याने शिकले असं वाटत होतं. पण आपले चित्रकलेचे सर कागद गोळा करताना काय म्हणायचे? "उजव्या कोपऱ्यात नाव घाला. चित्र वाईट असलं तरी घाला. केलंय तर कबूल करा." सर, तुम्ही समोर बसला आहात. तीस वर्षं उशिरा का होईना, नाव घातलं.

आज मधल्या सुट्टीत चहा त्याच कपांतून मिळाला आहे. घरी जाण्याआधी आपापला कप पालथा करून तळाची नावं वाचा. फक्त चहा संपल्याची खात्री करून घ्या.