काठीची सावली आणि सूर्याची वीज

बारामतीजवळील कन्हेरीसारख्या गांवीं उन्हाचा तोटा नाहीं. तरी सूर्यशक्तीचा धडा वर्गांत नुसता वाचला जातो. ‘सौर पॅनेल दक्षिणाभिमुख ठेवावें,’ हें वाक्य मुलें पाठ करतात; दक्षिणेकडेच कां, हें कळण्यास मात्र अंगणांत जावें लागतें.

तेथें एक मीटर उंचीची काठी सरळ रोवावी आणि मध्यान्हीं सावलीच्या टोकाशीं खूण करावी. मध्यान्ह म्हणजे घड्याळांतील बारा नव्हेत. सावली सर्वांत आखूड होते ती वेळ, कन्हेरीस साधारण साडेबाराची. हें गांव सुमारें १८ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें २२ डिसेंबरला सावली उत्तरेकडे जवळजवळ ८९ सेंटिमीटर पडते; मेच्या मध्यास ती नाहींशी होते. (तेव्हां नेमकी शाळेस सुटी!) २१ जूनच्या सुमारास उघडीप मिळाली तर तीच सावली ९ सेंटिमीटर दक्षिणेकडे पडलेली दिसते.

मग पुस्तक खोटें काय, असें एखादा विद्यार्थी विचारील. शिक्षकानें उत्तराची घाई करूं नये. लहान पॅनेलला पंख्याची मोटार जोडून ती त्याच्या हातीं द्यावी; पॅनेल कलतें करतांच पंखा मंदावतो कीं वेग घेतो, हें त्यानेंच पाहावें. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला, तो अशा हातांनीं शिकण्यासाठींच.

वर्षअखेर खुणा मोजाव्यात. दक्षिणेकडील खुणा अवघ्या अडीच महिन्यांच्या, त्यांतूनही कित्येक दिवस ढगांत गेलेले; उरलेल्या साऱ्या उत्तरेकडे.